शिबिरात पाय कोण बघणार?

गावात परत आरोग्य शिबिराचे बॅनर लागलेत. बॅनरवर बारा चेहरे, त्यात डॉक्टर एकही नाही. बीपी, शुगर, चष्म्याचा नंबर, चहा-नाश्ता, की झालं शिबिर. चप्पल काढून पाय दाखवा असं मात्र कुणी म्हणत नाही.

थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, चालू लागलं की पुन्हा तेच. आपल्याकडे याला 'वय झालं', 'वात आहे' म्हणतात आणि हातात तेलाची बाटली देतात. अहो, पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्याची ही खूण असू शकते! आणि जी चरबी पायात साचते ती मेंदूकडे, हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सोडते थोडीच? म्हणजे दुखतोय पाय, पण धोका लकव्याचा आणि हार्ट अटॅकचा. बिडी-तंबाखूवाले आणि शुगरवाले यात सगळ्यात पुढे. कित्येकांचा तर पाय दुखतही नाही, म्हणून तर तपासायचं.

पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी बघायला खर्च शून्य. शंका आली तर छोट्या डॉप्लरने घोट्याचं वरचं बीपी मोजा, दंडाच्या वरच्या बीपीने भागा. ०.९ किंवा कमी आलं तर आजार आहे असं धरतात. अशांना हृदयविकाराने मरण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट. (जुन्या शुगरवाल्यांत रक्तवाहिन्या कडक होऊन आकडा १.४च्या वरही जातो, तेही चांगलं नाही.)

आयोजक मंडळी, यावेळी पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचे पाय तपासून घ्या. फोटो पाठवा, पहिल्या पानावर छापतो.