कयाकवरचे जिवंत आमिष

कयाकवरून गरवताना जिवंत आमिषाची पहिली कसोटी एकच: थोड्या पाण्यात ते किती वेळ तग धरते? होडीत पिंपभर पाणी ठेवता येते, कयाकवर नाही. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलोचे ओझे, तेही डुचमळणारे. लाटेबरोबर पाणी ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला अरुंद कयाक कलते. म्हणून 8-10 लिटरचा झाकणाचा डबा बैठकीमागे बरोबर मधोमध बांधावा आणि त्यात बॅटरीवरचा हवेचा पंप सोडावा.

या कसोटीवर कोकणातील खाड्यांच्या मुखाशी बोय सर्वांत भरवशाची. खाडीचे कमीजास्त खारे पाणी तिच्या अंगवळणी पडलेले असते आणि डब्यातही ती चपळ राहते. तारलीचे तसे नाही. जाळ्यातून काढतानाच तिचे खवले सुटतात आणि ती लवकर मरते. सुरमईला तारली आवडते हे खरे, पण मेलेली तारली डब्यात घेऊन फिरण्यात काय अर्थ? कोळंबी जिताडा, तांबोशी, रावस असे बरेच मासे घेतात. मात्र शिंगाळे आणि चिंबोऱ्याही तिच्यावर तुटून पडतात. त्यांचा उपद्रव असेल तिथे बोयच लावावी.

आमिष निघण्यापूर्वी काठावरूनच पागाने धरावे. कयाकवर बसून पाग फेकणे धोक्याचे आहे. चार-पाच बोया पुरेत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 20 अंशांना सुमारे 7.4 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम 6.2. एप्रिल-मेच्या उन्हात डबा याहूनही तापतो. त्यामुळे डब्यावर ओले फडके टाकावे आणि अर्ध्या अर्ध्या तासाने निम्मे पाणी बदलावे. गर्दी झालेल्या डब्यात पंपही फारसा उपयोगी पडत नाही.

गळ कुठे टोचायचा हे कयाक कशी चालते यावर ठरते. ओढीबरोबर वाहत जाताना बोयीच्या वरच्या ओठातून गळ घालावा, म्हणजे ती सरळ पोहते. नांगर टाकून बसल्यावर पाठीच्या परामागे, कण्याच्या वरून घालावा. कोळंबीच्या डोक्यात कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून, करवती काट्याखालून काढावा. ठिपक्याला धक्का लागला की कोळंबी मेलीच.

जिताडा, म्हणजे गोव्यातील चोणक, पाण्यासकट भक्ष्य शोषून घेतो आणि जिवंत आमिष पटकन गिळतो. साधा गळ मग थेट पोटात जातो. सर्कल हुक बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, आणि इथे तोच वापरायला हवा. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो; मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. अंड्यांचा मोठा साठा त्यांच्याच पोटात असतो, तेव्हा त्या धडधाकट परत सोडता आल्या पाहिजेत. उरलेल्या बोयाही ज्या खाडीतून घेतल्या त्याच खाडीत सोडाव्यात, दुसऱ्या पाण्यात नाही.