सर्व्हर मोठा घेण्याआधी त्याचा रोजमेळ मागा



ऑनलाइन ऑर्डरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "सर, वेबसाइट अडकायला लागली की होस्टिंगवाले प्लॅन वाढवा म्हणतात. वाढवू का?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही. दोन आठवड्यांची नोंद हातात नसेल तर एक रुपयाही वाढवू नका. कसली नोंद? तुमच्या सर्व्हरचा प्रोसेसर आणि मेमरी दिवसभरात, आठवडाभरात किती वापरली गेली त्याची.

आधी एक सांगतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर विकत असाल किंवा महिन्याच्या भाड्याचं तयार ऑनलाइन दुकान वापरत असाल, तर हे दुखणं त्या कंपनीचं आहे. हा लेख स्वतःचा सर्व्हर भाड्यानं घेतलेल्यांसाठी आहे. म्हणजे व्हीपीएस, त्यावर वर्डप्रेस, ऑर्डरचं पान, असं सगळं.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या जागेत चोवीस तास चालू असलेला भाड्याचा कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर हा आचारी समजा आणि मेमरी हा त्याचा ओटा. आचारी एकच असेल तर ऑर्डरी रांगेत थांबतात. ओटा लहान असेल तर आचारी मोकळा असूनही सामान ठेवायला जागा नसते. दोन दुखणी वेगळी, औषधं वेगळी. पण बाहेर गिऱ्हाइकाला एकच दिसतं, पान उघडत नाही.

आता माझीच फजिती सांगतो. माझा व्हिडिओ सकाळी सात वाजता येतो. कार्यशाळेच्या नोंदणीची लिंक खाली असते. साडेसातच्या सुमारास लोकांचे मेसेज यायचे, "सर, पान उघडत नाही." मला तर आतून बरंच वाटलं! म्हटलं, व्हिडिओला एवढी गर्दी होतेय की सर्व्हर वाकतोय. होस्टिंगच्या माणसाला फोन केला. त्यानं बघून सांगितलं, "सर, मेमरी ९२ टक्के भरलेली आहे, प्लॅन वाढवा." दोन जीबीचा चार जीबी झाला, महिन्याला ११०० रुपयांऐवजी २४०० रुपये जायला लागले. दोन-तीन आठवडे बरं वाटलं. मग पुन्हा तेच मेसेज.

असे नऊ महिने गेले. शेवटी आमच्याच बॅचमधला, सर्व्हरची कामं घेणारा एक मुलगा म्हणाला, "सर, नोंद कुठेय?" नोंद नव्हतीच. त्यानं सिसस्टॅट नावाचं फुकटचं साधन बसवलं आणि सांगितलं, आठवडाभर काही करू नका.

आठवड्यानं आलेख समोर ठेवला. रोज पस्तीस-चाळीस मिनिटं प्रोसेसर ९५ टक्क्यांच्या वर. पण वेळ दिसत होती रात्री दोनची. तो म्हणाला, "सर, तुमच्या सकाळच्या तक्रारीशी याचा काही संबंध दिसत नाही." मग त्याच्याच लक्षात आलं की सर्व्हरचं घड्याळ भारताच्या वेळेवर नाहीच. ते यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. साइट बनवणाऱ्यानं बॅकअप "रात्री दोन वाजता" लावला होता, आणि तो रोज माझ्या व्हिडिओच्या तोंडावर चालत होता. सगळ्या फाइली गोळा करून त्यांचं गाठोडं बांधायचं, त्यात आचारी पूर्ण गुंतलेला. आणि फाइली वाढत गेल्या तसं गाठोडंही वाढत गेलं.

मला पटवणारी गोष्ट मात्र रविवारची होती. रविवारी माझा व्हिडिओ नसतो. तरी आलेखात तोच डोंगर, त्याच वेळेला. गर्दीचा काही संबंधच नव्हता. बॅकअपची वेळ यूटीसीप्रमाणे साडेआठ केली, म्हणजे आपल्याकडचे खरे रात्री दोन. तक्रारी थांबल्या. मी परत जुन्या प्लॅनवर आलो. नऊ महिन्यांचे जादा ११,७०० रुपये मात्र गेले ते गेलेच.

मग ती ९२ टक्के मेमरी काय होती? हे नीट समजून घ्या, कारण याच आकड्यावर सर्वात जास्त प्लॅन विकले जातात. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स मोकळी मेमरी रिकामी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे ठेवतो, पुन्हा लागल्या तर पटकन मिळाव्यात म्हणून. खऱ्या कामाला जागा हवी झाली की त्या बाजूला काढतो. ओट्यावर मसाल्याचे डबे मांडून ठेवल्यासारखं आहे ते. ओटा भरलेला दिसतो, पण परात ठेवायची वेळ आली की डबे हलतात. म्हणून "वापरलेली" मेमरी बघून घाबरू नका. "फ्री" नावाची कमांड दिली की शेवटी "अव्हेलेबल" असा रकाना येतो, तो विचारा. माझ्याकडे त्यात निम्म्याहून जास्त जागा होती.

खरी मेमरी संपते तेव्हा लक्षण वेगळं असतं. लिनक्स स्वतःला वाचवायला एखादा मोठा प्रोग्रॅम सरळ मारून टाकतो, आणि छोट्या सर्व्हरवर बऱ्याचदा तो डेटाबेसच असतो. मग साइटवर "डेटाबेसशी जोडणी होत नाही" असा मेसेज येतो. कोणीतरी सर्व्हर बंद-चालू करतो, साइट चालते, सगळे विसरतात. दर आठ-दहा दिवसांनी असं होत असेल तर अव्हेलेबल मेमरीचा आलेख बघा. तो रोज थोडा थोडा जिना उतरल्यासारखा खाली येत असेल, तर कुठलातरी प्रोग्रॅम घेतलेली जागा परत देत नाहीये. तिथे मोठा सर्व्हर घेतलात तर हेच दुखणं आठ दिवसांऐवजी सोळा दिवसांनी येईल, एवढंच.

एका क्षणाचा आकडा म्हणूनच कामाचा नाही. दुपारी तीनला गल्ला उघडून धंदा कसा चाललाय हे आपण ठरवतो का? रोजमेळ लिहितो, महिन्याची बेरीज मारतो, मागच्या दिवाळीशी ताडून बघतो. सर्व्हरलाही तोच नियम लावा.

सरासरीपासूनही सावध राहा. पाच मिनिटांत एक मिनिट प्रोसेसर १०० टक्के आणि चार मिनिटं शून्य, तर आलेखात २० टक्के दिसतात. पण त्या एका मिनिटात आलेलं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. सिसस्टॅट मुळात दर दहा मिनिटांनी नोंद घेतं. तक्रारीच्या दिवसांत ती दर मिनिटाला घ्यायला सांगा.

ज्यांनी अ‍ॅमेझॉनचे छोटे सर्व्हर घेतलेत त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. टी-टू मायक्रो घ्या. त्याला तासाला ६ क्रेडिट मिळतात, साठतात जास्तीत जास्त १४४. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण ताकद. सगळी साठवण भरलेली असेल तरी पूर्ण जोरात तो साधारण २ तास ४० मिनिटं टिकतो, मग १० टक्क्यांवर येतो. संध्याकाळी सातला ऑफर उघडली, सगळं झकास, आणि पावणेदहाला साइट मेली. डेव्हलपर म्हणतो, कोडमध्ये काहीच बदललं नाही. खरंच बोलतो बिचारा! क्रेडिट संपलेलं असतं. तिथल्या क्लाउडवॉचमध्ये शिल्लक क्रेडिटचा आलेख असतो, प्रोसेसरचाही असतो. मेमरीचा मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागतो. मेमरीचा आलेख नाही म्हणजे मेमरीला काही झालेलं नाही, असं धरून चालू नका.

आणि "स्टील" नावाचा एक रकाना असतो. एका मोठ्या मशिनवर तुमच्यासारखे बरेच भाडेकरू असतात. तुमच्या सर्व्हरला काम करायचं होतं, पण प्रोसेसर दुसऱ्याला दिलेला होता, असा वेळ त्यात दिसतो. तो आकडा रोज दोन आकडी येत असेल तर दोष तुमच्या साइटचा नाही. तोच आलेख दाखवून दुसरं मशिन मागा. देत नसतील तर घर बदला.

हे सगळं तुम्ही स्वतः शिकायची गरज नाही. डेव्हलपरला इतकंच सांगा: सिसस्टॅट बसवून चालू कर, प्रोसेसर आणि मेमरीची नोंद ठेव. उबंटूवर ते मुळात सातच दिवसांच्या नोंदी ठेवतं, तो आकडा वाढव. आणि वेळ भारताची दाखव. अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमचं काम दुसरं, आणि ते डेव्हलपरला जमणार नाही. एका वहीत तारीख-वेळेसकट लिहा: व्हिडिओ कधी टाकला, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर कधी पाठवली, जाहिरात कधी चालू केली, किती ऑर्डरी आल्या. दोन आठवड्यांनी वही आणि आलेख शेजारी ठेवा. डोंगर तुमच्या ऑफरच्या वेळी उभे राहत असतील आणि ऑर्डरीही तेव्हाच वाढत असतील, तर खुशाल मोठा सर्व्हर घ्या, तो धंद्याचा खर्च आहे. डोंगर आहे पण वहीत त्या वेळी काहीच नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि आधी डोंगर कशाचा ते शोधायला लावा.

याला एक अपवाद. ऐन दिवाळीच्या आठवड्यात, फराळाच्या ऑर्डरी चालू असताना साइट पडली तर आलेख बघत बसू नका. तेव्हा आधी प्लॅन वाढवा, शोध नंतर घ्या. फक्त वाढवताना प्रोसेसर आणि मेमरीच वाढवा. डिस्क एकदा वाढवली की बऱ्याच ठिकाणी मागे येता येत नाही. आणि कॅलेंडरवर भाऊबीजेनंतरच्या सोमवारी लिहून ठेवा: "जुना प्लॅन परत?"

गणपतीत मोदकांच्या किंवा सजावटीच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी नोंद आत्ताच चालू करा. गणपतीतले आकडे हाताशी असले की दिवाळीत किती लागेल याचा अंदाज होस्टिंगवाल्याला विचारावा लागणार नाही. दोन आठवड्यांचा आलेख आणि वहीचं पान तयार झालं की कमेंटमध्ये लिहा. त्यातले दोन-तीन आपण पुढच्या लाइव्हमध्ये, तुमचं नाव झाकून, सगळ्यांसमोर उघडून बघू.