एकाच पडद्याचे सोवळे

घरी ध्वनिक्षेपक बनवणाऱ्या हौशी मंडळींचा एक संप्रदाय आहे, आणि कोणत्याही संप्रदायाप्रमाणे त्यातही सोवळे-ओवळे आहे. त्यातले सर्वांत कडक सोवळे एकाच पडद्याचे. खर्जापासून टिपेपर्यंतचा सारा ध्वनी एकाच 'फुलरेंज' स्पीकरमधून यावा. वूफर, ट्विटर आणि त्यांच्यात ध्वनी वाटून देणारा क्रॉसओव्हर या साऱ्या भ्रष्ट तडजोडी होत. ध्वनी एकदा तोडला की पुन्हा सांधता येत नाही, अशी ही श्रद्धा. तिच्यात तथ्यांश आहे, म्हणूनच ती फसवी आहे. प्रस्तुत लेखाचा पक्ष असा की ही श्रद्धा योग्य अस्वस्थतेतून निघते आणि चुकीच्या उत्तरापाशी थांबते. ध्वनीत सांधा असावा की नसावा, हा खरा प्रश्न नव्हे. सांधा कुठे असावा, हा प्रश्न आहे. लहान फुलरेंज स्पीकरला खालच्या अंगाने वूफरची जोड देणे हे त्याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, असे माझे मत आहे.

हा विषय भौतिकशास्त्राचा, साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या सभागृहात एका कवीने केलेल्या काव्यवाचनाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. त्यात एका ओळीच्या शेवटी 'जग' हा शब्द होता. नंतरच्या चर्चेत विद्यार्थ्यांचे दोन तट पडले. काहींच्या मते ते 'जग' म्हणजे दुनिया. काहींच्या मते 'जगणे'चा आज्ञार्थ. दोन्ही अर्थ ओळीत बसत होते. छापील पान या बाबतीत मुके असते, कारण मराठी लिपी तालव्य 'ज' आणि दंततालव्य 'ज' एकाच अक्षराने दाखवते. पण कवी मुका नव्हता. त्याने उच्चारातच निर्णय देऊन ठेवला होता. घरी तेच ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा आज्ञार्थ स्वच्छ कानावर आला. सभागृहात भिंतीला टांगलेल्या दोन भल्यामोठ्या पेट्यांनी मात्र घुमारा भरपूर दिला आणि अर्थ गिळला. आम्ही अर्धा तास कवितेच्या अनेकार्थतेवर बोललो. ती अनेकार्थता कवितेची नव्हती, स्पीकरची होती!

हे का घडते ते पाहू. तालव्य आणि दंततालव्य उच्चारांतला भेद त्यांच्या घर्षणात, म्हणजे जिभेपाशी होणाऱ्या फुसकाऱ्यात असतो. दंततालव्य घर्षणाचा जोर साधारणपणे ४००० हर्ट्झच्या वर, तर तालव्याचा त्याहून खाली, २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात अधिक. श-स, च-च, ज-ज हे सारे भेद या परिसरात वसतात. मानवी कानही २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो. आणि बाजारातल्या नेहमीच्या दोन-स्पीकरी पेटीचा सांधा कुठे असतो? बहुधा २००० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे शब्दाचा अर्थ ज्या जागी ठरतो, नेमक्या त्याच जागी करवत चालवलेली असते. 'ज'चा अर्धा भाग सहा किंवा आठ इंची कागदी पडदा बोलतो, उरलेला अर्धा एक इंची घुमटाकार ट्विटर.

ही जागा कुणी कानाने निवडलेली नाही. एक इंची ट्विटर त्याहून फार खाली उतरू शकत नाही, आणि उंच जागी सांधा घातला की त्याला लागणारी तांब्याची कॉइल लहान व स्वस्त पडते. सोय झाली, तिचीच परंपरा झाली. दुष्परिणाम मात्र भूमितीचा आहे. ३००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर. वूफर आणि ट्विटर यांच्या केंद्रांतले अंतर सहज पंधरा-सोळा सेंटिमीटर असते. दोन उगमांमधले अंतर तरंगलांबीहून जास्त झाले की ऐकणाऱ्याची उंची जराशी बदलताच दोन्हींचे ध्वनी कुठे एकमेकांना भर घालतात, कुठे एकमेकांना खोडतात. समोर नेमक्या उंचीवर बसलेल्याला सगळे ठीक ऐकू येते. पायऱ्यापायऱ्यांच्या सभागृहात वरच्या रांगेत बसलेल्याला 'जग' ऐकू येते, पण कोणते, ते कळत नाही.

यावर प्रतिपक्षाकडे एक भारी उदाहरण आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मानवी आवाजासाठी आजही नावाजला जातो, आणि त्याचा सांधा ३००० हर्ट्झच्या आसपासच आहे. मग? मग हे लक्षात घ्यावे की तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत, ठरलेल्या जागी, हाताच्या अंतरावर बसलेल्या तंत्रज्ञासाठी घडवला होता. अवघड जागी घातलेला सांधाही कुशल हातांनी बेमालूम होतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जागा योग्य होती, हे सिद्ध होत नाही.

एकपडदीवाल्यांची अस्वस्थता येथवर शंभर टक्के खरी आहे. त्यांनी रोग बरोबर ओळखला. औषध म्हणून त्यांनी सांधाच वर्ज्य केला, तिथे त्यांची वाट चुकली.

हलत्या कॉइलचा आणि थेट हवा ढकलणाऱ्या पडद्याचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडला. एका कागदी पडद्यावर त्या काळाची गरज भागत होती, कारण त्या काळच्या रेडिओत आणि ध्वनिमुद्रिकांत वरचे-खालचे फारसे काही नव्हतेच. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही एका चांगल्या फुलरेंजवर सुरेख वाजतात, त्याचे कारण हेच. पण तबकडीची मर्यादा हा ध्वनीचा आदर्श मानणे म्हणजे शिळाप्रेसची पोथी पाहून पुढची सारी मुद्रणकला नाकारण्यासारखे आहे.

निसर्गाचा हिशेब कठोर आहे. तेवढाच मोठा आवाज काढताना वारंवारता निम्म्यावर आली की पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ४०० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर उतरायचे तर शंभरपट. तीन इंची फुलरेंजचा पडदा पुढे-मागे दोन-तीन मिलिमीटर सरकला की त्याचा दम संपतो. डग्ग्याचा घुमारा त्याच्याकडून मागितला की तो बिचारा प्रयत्न करतो, आणि त्या धडपडीत गायिकेचा 'आ'कारही स्वतःबरोबर हेलकावत नेतो, कारण दोघांना वाहणारा पडदा एकच आहे. हीच एकपडदी शुद्धता! अमेरिकेत १९६८ साली आलेल्या बोस ९०१ या पेटीत वूफरही नव्हता आणि ट्विटरही. त्यासाठी तिला नऊ लहान फुलरेंज आणि खालचे-वरचे स्वर उचलून धरणारे एक वेगळे यंत्र लागले. एका तत्त्वाच्या रक्षणासाठी नऊ पडदे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग आठ इंची मोठा फुलरेंज घ्यावा, असे काही जण म्हणतात. तो खाली थोडा बरा उतरतो, पण वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोरच फेकतो. ते पसरावेत म्हणून पुष्कळ मोठ्या फुलरेंजच्या मध्यभागी आणखी एक छोटा कागदी शंकू चिकटवलेला असतो. म्हणजे दुसरा पडदा आलाच. फक्त त्याचा सांधा तारेऐवजी डिंकाने घातला. त्याहीपुढे जाऊन पाहिले तर कोणताही पडदा वरच्या वारंवारतांना अखंड हलतच नाही. त्याची कड मागे राहते, मधला भाग तेवढा बोलतो, कागदाच्या पोटात लाटा उठतात. एक म्हणवणारा पडदा वस्तुतः अनेक असतो. फरक एवढाच की त्याचे सांधे कुणी विचारपूर्वक घातलेले नसतात. कागदाच्या लगद्याने ते आपोआप ठरवलेले असतात.

आता जोडीकडे येऊ. पाश्चात्त्य हौशी मंडळी हिला 'फास्ट' किंवा 'वॉ' म्हणतात. मी तिला जोडपेटी म्हणतो. माझ्या जोडपेटीत तीन इंची कागदी फुलरेंज आहे आणि खाली आठ इंची वूफर, ज्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ वरच्याच्या साधारण सातपट भरते. सांधा ३५० हर्ट्झवर. त्या वारंवारतेची तरंगलांबी ९८ सेंटिमीटर. दोन्ही स्पीकरांच्या केंद्रांत बावीस सेंटिमीटर अंतर ठेवले की ते पाव तरंगलांबीच्याही आत येते, आणि कानाला दोन उगम वेगळे कळत नाहीत. उभे राहा, बसा, कोपऱ्यात जा; सांध्यापाशी काही फाटत नाही. 'ज'चे सारे घर्षण एकाच लहानशा पडद्यावरून येते. एकपडदीवाल्यांना जे हवे होते ते येथे मिळते, आणि पडद्याच्या पाठीवरचे खर्जाचे ओझेही उतरते.

दुसरा लाभ असा. पेटीचा दर्शनी भाग बावीस-तेवीस सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी पेटीला वळसा घालून मागे निसटू लागतो, आणि समोर तो हळूहळू ६ डेसिबलपर्यंत कमी पडतो. एकट्या फुलरेंजला ही तूट भरून काढायची तर वरचा सारा आवाज दाबावा लागतो. ६ डेसिबल म्हणजे चौपट शक्ती वाया. जोडपेटीत वूफर थोडा मोठ्याने बोलतो आणि तूट जिथे पडते तिथेच भरून येते.

याची किंमत आहे, ती लपवणार नाही. आठ ओहमच्या स्पीकरांना ३५० हर्ट्झवर साध्यातला साधा सांधा घालायचा तरी सुमारे ३.६ मिलिहेन्रीची कॉइल आणि ५७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. कॉइल हातात घेतली की तिच्या तांब्याचे वजन कळते. पुण्यात बुधवार पेठेत मी ती मागितली तेव्हा दुकानदाराने वेल्डिंगसाठी हवी आहे का, असे विचारले. त्यापेक्षा दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर वापरून ध्वनी त्यांच्या आधीच वाटून घेणे सोपे आणि आता स्वस्तही झाले आहे. पेटीत फुलरेंजला स्वतःची बंद खोली द्यावी लागते, नाहीतर वूफरच्या श्वासाने त्याचा पडदा थरथरतो. आत कापूस भरावा; गादीवाल्याकडचा चालतो. अगदी वरच्या टोकाला, १०,००० हर्ट्झच्या पुढे, लहान फुलरेंज चांगल्या ट्विटरइतका मोकळा नसतो. घुंगरांची आणि झांजांची झळाळी थोडी कमी होते. ज्यांना तीच प्रिय आहे त्यांनी माझे ऐकू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास, स्त्रीचा २०० च्या आसपास. मग ३५० वर कापले तरी आवाज तुटलाच की! हो, तुटला. आवाजाचा पाया वूफरकडे गेला आणि स्वर-व्यंजनांची सारी घडण फुलरेंजकडे राहिली. पण जुना दूरध्वनी ३०० हर्ट्झच्या खालचे काहीच पोचवत नसे, तरी आईचा आवाज आपण ओळखत होतो आणि ती काय म्हणते तेही समजत होतो. त्या पट्ट्यात ऊब असते, भारदस्तपणा असतो, शब्दाची ओळख क्वचितच असते. आवाजात कुठेतरी सांधा घालणे अटळच असेल तर तो अर्थाच्या पोटात घालण्याऐवजी पायाशी घालावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

साहित्याच्या वाचकाला यात काही ओळखीचे वाटावे. कलाकृतीची एकात्मता म्हणजे घटकांचा अभाव, असे मराठी सौंदर्यविचाराने कधी मानले नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली ती घटकांमधल्या संबंधांची तत्त्वे म्हणून. आणि ते स्वतः आकाशवाणीत नोकरी करत होते, म्हणजे आवाज यंत्रातून जातो हे त्यांना रोज दिसत होते. एकच पडदा आहे म्हणून ध्वनी एकात्म ठरत नाही, जसे एकाच छंदात आहे म्हणून काव्य एकात्म ठरत नाही.

आपल्या भाषा-विभागांत काव्यवाचने, नाट्यप्रवेश, मुलाखती यांची ध्वनिमुद्रणे आता वरचेवर ऐकवली जातात. स्पीकर निवडताना मात्र आकार, वॅट आणि दणका एवढेच पाहिले जाते. माझी सूचना साधी आहे. विकत घ्या किंवा सुताराकडून पेटी करून घ्या, पण पैसे देण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाजात दोन्ही 'जग', दोन्ही 'चार', आणि 'बार' व 'भार' ध्वनिमुद्रित करा. ते क्रम न सांगता वाजवा, आणि सर्वांत कडेच्या, सर्वांत मागच्या खुर्चीवर बसून कोणता शब्द कोणता ते कागदावर लिहा. उत्तरे चुकली तर ती पेटी परत पाठवा, मग तिच्यात पडदा एक असो की बारा.