सुगी, काळा दिन आणि उताऱ्यावरची नावे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातले गेले. ही तारीख दिल्लीत ठरली. ठरवणाऱ्यांनी नकाशा पाहिला असेल, पण येळ्ळूर-धामण्याचे शिवार काही पाहिले नसणार. नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे ऐन सुगी. तेव्हापासून खेड्यातला मराठी माणूस भाताची कापणी अर्ध्यावर ठेवून काळ्या दिनाच्या फेरीला शहरात येतो. त्याचा तो अर्धा दिवस किती किमतीचा असतो, हे टिळकवाडीत किंवा शहापुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना नीट ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहे.

वडगाव, येळ्ळूर, धामणे या काळ्या रानातले दीड-दोन एकरांचे कोणतेही घर घ्या. घरची बाई पहाटे पाचला चुलीपुढे बसते, कारण दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या आठच्या आत बांधून व्हायला हव्यात. मजूर पूर्वीसारखे मिळत नाहीत. तरुण पोरे उद्यमबागेत कामाला असतात. रात्रपाळी करून आलेला मुलगा दोन तास पाठ टेकतो आणि विळा घेऊन बांधावर येतो. बाकीचे काम पैऱ्यावर चालते, म्हणजे आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. पैऱ्याचा दिवस चुकवला तर तो पैशाने भरून निघत नाही, शेजाऱ्याच्या तोंडाला उत्तर द्यावे लागते.

कापलेले भात दोन-तीन दिवस उन्हात पडू द्यायचे, मग पेंढ्या बांधून वळी रचायची. या दोन-तीन दिवसांतच माणूस सतत वर पाहत असतो. ढग आले की हातातला घास ठेवून ताडपत्रीकडे धाव. भिजलेले भात जागेवरच कोंभ धरते. शहरातले कोणी सहज विचारतात, यंत्राने का कापत नाही? बळ्ळारी नाल्याच्या काठच्या खोलगट रानात सुगीपर्यंत चिखल असतो, यंत्र रुतते. शिवाय यंत्राने पिंजराचा चुरा होतो, आणि दारात दोन म्हशी असलेल्याला पिंजर म्हणजे वर्षाचा चारा.

एवढ्यावर घाई संपत नाही. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर किंवा हरभरा पेरायचा. बेळगावची मसूर चवीला नावाजलेली, ती या जमिनीत मुरलेल्या पावसावर येते. आठ दिवस उशीर झाला की ओल खाली जाते आणि पेर वाया. म्हणजे कापणी, वाळवण, वळी आणि पेरणी एकमेकांच्या पाठीवर बसलेली असतात. मळणीला मग डिसेंबर उजाडतो. त्याच सुमारास २००६ पासून बेळगावात भरवल्या जाणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा गाजावाजा सुरू होतो, आणि त्याला उत्तर म्हणून आपला महामेळावा. २०२२ साली त्याला परवानगीच नाकारली, तरी खेड्यातून माणसे निघालीच होती. भाषणे करणाऱ्यांपैकी किती जणांच्या खळ्यावर त्या दिवशी भात पडलेले असते, हा प्रश्न मी मुद्दामच विचारतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण ज्याला सुगी म्हणतो, त्यालाच शेजारचा कन्नड शेतकरी सुग्गी म्हणतो. बांधाला बांध लागून राहणाऱ्यांनी शब्द वाटून घेतले, त्यात कोणाचा अभिमान दुखावला नाही. दुखावतो तो कार्यालयातला कागद. उतारा फक्त कन्नडमध्ये, नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडमध्ये, पिकाच्या नोंदीची सूचनाही कन्नडमध्ये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर अर्ज भरताना आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे न कळता अंगठे आणि सह्या झाल्या. पिकाच्या रकान्यात भाताऐवजी भलतेच पडले तरी ते ओळखणार कोण? आणि ते शोधायला सुगीतला दिवस मोडून तलाठ्याकडे जाणार कोण?

वास्तविक जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे केंद्राचे जुने धोरण आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने तर गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा अजून लोंबकळतो आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. मराठीत अर्ज देऊन पोच घ्यायला त्याची वाट कशाला पाहायची? तेवढे काम मंडळाला आजही करता येते.

आता जरा कडू बोलतो. उताऱ्यावरचा घोळ सगळाच सरकारने केलेला नाही. कित्येक उताऱ्यांवर अजून वारलेल्या आजोबांचे नाव आहे. वारसांपैकी एक गावात राबतो, दोघे शहरात आणि एक पुण्यात. कर्ज काढायचे, भरपाई घ्यायची, हरकत नोंदवायची तर सर्वांच्या सह्या हव्यात. गावातला भाऊ सुगी सोडून सह्यांसाठी दारोदार फिरतो आणि आपण त्याला चहा देऊन सांगतो, पुढच्या महिन्यात बघू. पण दलालाचा फोन आला की तेच भाऊबंद गाडी काढून संध्याकाळी बांधावर हजर! हलगा-मच्छे बायपासच्या वादात तिबार पिकाच्या जमिनीसाठी शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर झगडले. तेव्हा सामाईक नावे असलेले किती शहरकर त्यांच्या शेजारी उभे होते, हे ज्याचे त्याने आठवावे.

म्हणून मंडळाकडे तीन गोष्टी मागतो. सुगीच्या दोन महिन्यांत खेड्यातल्या माणसांना कामाच्या दिवशी बैठकांना बोलावू नये, रात्री गावातच बसावे. काळ्या दिनाच्या फेरीत पुढच्या रांगा शहरातल्या घरांनी भराव्यात, म्हणजे ज्याचे भात उघड्यावर आहे त्याला गैरहजेरीची लाज वाटणार नाही. आणि कन्नड वाचता येणाऱ्या आपल्या मुलामुलींनी (आता ती सगळ्यांनाच येते) दर रविवारी एका गावच्या देवळात बसून लोकांचे उतारे वाचून दाखवावेत, चुका टिपाव्यात, मराठी अर्ज लिहून द्यावेत. सुरुवात येळ्ळूर, धामणे आणि वडगावपासून करता येईल. ज्यांची नावे गावच्या उताऱ्यावर आहेत त्यांनी त्याच रविवारी आपला ओळखीचा कागद घेऊन यावे आणि वारसा नोंदीवर सही करून जावे.