गुणपत्रिका मागणारा करंडक

अमेरिकेच्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक गवगवा होतो तो हाइजमन करंडकाचा. १९३५ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानासाठी गुणपत्रिका कोणी तपासत नाही. नॅशनल फुटबॉल फाउंडेशनचा विल्यम कॅम्पबेल करंडक मात्र आधी तीच मागतो. खेळाडू अखेरच्या वर्षाचा हवा, चारपैकी किमान ३.२ श्रेणीसरासरी हवी, संघातील स्थान भक्कम हवे आणि समाजकार्यात पुढाकारही हवा. १९९० मध्ये तो ड्रॅडी करंडक म्हणून सुरू झाला. हवाई दल अकादमीचे ख्रिस हॉवर्ड हे पहिले मानकरी पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि कालांतराने विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये पेटन मॅनिंग, २०१९ मध्ये जस्टिन हर्बर्ट. यादी निःसंशय उजळ आहे.

प्रश्न आहे तो या यादीच्या सावलीत काय दडते, हा. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच मुळी १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला तो जखमी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये यासाठी. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील प्रकरण तर अधिकच बोलके. तेथे १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी कधी न भरलेल्या वर्गांचे गुण मिळवले, असे २०१४ च्या चौकशी अहवालाने उघड केले. त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, या आधारावर राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१७ मध्ये विद्यापीठाला दंड ठोठावला नाही. पदवी हाती आली. शिक्षण आले का, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

आता पैशाने सारेच पालटले आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येतो. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची होती. कॅम्पबेल विजेत्याची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे २५ हजार डॉलर. भाव कशाला अधिक, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

तरीही या करंडकाला शोभेची वस्तू म्हणणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही आघाड्या सांभाळणाऱ्यांचे कष्ट खरेच आहेत. त्रुटी आहे ती निवडीच्या पद्धतीत. प्रत्येक विद्यापीठाला एकच नाव पाठवता येते आणि तडजोडीनंतर संघ असतो १०५ जणांपर्यंतचा. उरलेल्या १०४ जणांसाठी क्रीडा संघटनेचा ‘शैक्षणिक प्रगती दर’ आहे. तो ९३० च्या खाली घसरल्यास संघाला मोसमोत्तर सामन्यांना मुकावे लागू शकते. पण हा दर मोजतो तो खेळाडू पात्र राहिला का आणि विद्यापीठात टिकला का, एवढेच. कधी न भरलेल्या वर्गातले गुणही त्या हिशेबात पात्रतेला पुरेसे ठरतात.