ओटची लापशी आणि ज्वारीची भाकर

गेल्या हिंवाळ्यांत मधल्या सुट्टीच्या वेळीं एक लहानसा प्रसंग आमच्या पाहण्यांत आला. पांचवीच्या वर्गांतील एक मुलगा डब्याचें झांकण आडवें धरून त्याच्या आडून जेवीत होता. आम्ही जवळ गेलों, तों डब्यांत ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. विचारलें तेव्हां मुलगा प्रथम बोलेना. मग हळूच म्हणाला, “सर, भाकर बघून पोरं हसायलेत.”

त्याच आठवड्यांत पालकसभा होती. सभा संपल्यावर एक भगिनी आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “सासऱ्यांना डॉक्टरांनीं ओट्स खायला सांगितलेत. मग लेकरांनाबी सकाळीं तेच द्यावं का? भाकरीपेक्षां ताकद जास्त असंल ना त्यांत?”

त्या भगिनींस आम्हीं त्या वेळीं थोडक्यांत उत्तर दिलें; परंतु तेवढ्यानें आमचें समाधान झालें नाहीं. मुलाची लाज आणि मातेचा प्रश्न या दोहोंचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटूं लागलें. म्हणून या अंकांत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें हा विषय सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम ओटविषयीं. दुकानांत ज्याला ओट्स म्हणतात तें एक तृणधान्य असून उत्तर हिंदुस्थानांत त्यास जई म्हणतात. थंड व ओलसर हवा या पिकास मानवते. रशिया, कानडा, पोलंड, फिनलंड, ऑस्ट्रेलिया हे ओट पिकविणारे प्रमुख देश होत. जेथें थंडीमुळें व पावसामुळें गहूं नीट पिकत नसे तेथें ओटनें माणसें जगविलीं. स्कॉटलंड देश हें त्याचें ठळक उदाहरण. तेथील शेतकऱ्याच्या घरीं सकाळीं ओटच्या भरड पिठाची लापशी मीठ घालून शिजे आणि त्याच पिठाची जाड भाकरी तव्यावर भाजली जाई.

शेजारच्या इंग्लंडांत मात्र ओट हा घोड्यांचा चारा समजला जाई. डॉ. सॅम्युएल जॉन्सन या विद्वान गृहस्थांनीं १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशांत ओट शब्दाचा अर्थ देतांना या गोष्टीवरून स्कॉच लोकांस टोमणा मारला आहे. त्यावर, म्हणूनच इंग्लंडचे घोडे उत्तम आणि स्कॉटलंडचीं माणसें उत्तम, असें उत्तर एका स्कॉच सरदारानें दिल्याची आख्यायिका आहे. उत्तर खरोखर दिलें गेलें असो वा नसो, त्यांतील स्वाभिमान खरा आहे. शेजारी हंसला म्हणून त्या लोकांनीं आपली लापशी झांकणाआड धरली नाहीं.

आमच्या मुलखाचा या लोकांशीं संबंध जुना आहे. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले ते स्कॉटलंडाहून. आणि आपल्या मराठवाड्यांत जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे स्कॉच मिशनचेच. ओटवर वाढलेल्या देशाचीं माणसें अशा रीतीनें ज्वारीवर वाढलेल्या देशांत येऊन राहिलीं. दोन्ही देशांत गरिबाला तारणारें धान्य भरडच होतें, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आतां ओटच्या गुणांकडे वळूं. ओटच्या दाण्यावर घट्ट टरफल असतें आणि त्यांत स्निग्धांश इतर धान्यांहून अधिक असल्यामुळें दळलेलें पीठ लवकर खवट होतें. म्हणून कारखान्यांत दाणा आधीं उष्णतेनें भाजून घेतात, टरफल काढतात, वाफ देतात व लोखंडी रुळांमधून दाबून चपटा करतात. आपल्या पोह्यांचाच हा प्रकार म्हणावयाचा. असे चपटे ओट पुड्यांत भरून विकण्याचा मोठा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत सुरू झाला.

ओटमध्यें बीटा-ग्लुकन नांवाचा पाण्यांत विरघळणारा तंतु असतो. शंभर ग्रॅम ओटमध्यें तो सुमारें ४ ग्रॅम भरतो. लापशी शिजतांना तिला जी चिकटाई येते ती याचीच. आंतड्यांत गेल्यावर हा तंतु पित्ताचा कांहीं अंश आपल्यांत धरून शरीराबाहेर नेतो; मग नवें पित्त बनविण्यासाठीं यकृतास रक्तांतील कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन, म्हणजे सुमारें पाऊणशें ग्रॅम ओट, नियमानें खाल्ल्यास रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल थोडें उतरतें, हें अनेक प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. अमेरिकेच्या सरकारनें १९९७ सालीं तसें पुड्यांवर छापण्याची परवानगीही दिली. तेव्हां ज्या वृद्ध गृहस्थांस डॉक्टरांनीं ओट सांगितले आहेत त्यांनीं ते अवश्य खावे. मात्र ते औषधाच्या जोडीनें खावयाचे. ओट सुरू केले म्हणून चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

येथपर्यंत ओटची बाजू झाली. परंतु पुडा विकत घेतांना दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. एक अशी कीं, दोन मिनिटांत तयार होणाऱ्या मसालेदार ओटांत मीठ पुष्कळ असतें व गोड प्रकारांत साखर. जो गुण घेण्यासाठीं पैसे दिले तो या भेसळीनें उणा होतो. दुसरी अशी कीं, दाणा जितका बारीक केलेला व जितका लवकर शिजणारा, तितकी त्यांतून साखर रक्तांत लवकर उतरते. मधुमेही माणसानें हें विसरूं नये. साधे, जाड व बिनमसाल्याचे ओट तेवढे घ्यावे.

आतां त्या भगिनींचा मुख्य प्रश्न. ओटमध्यें भाकरीपेक्षां ताकद अधिक आहे काय? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें आपल्या देशांतील अन्नपदार्थांचें पृथक्करण करून २०१७ सालीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें, सुमारें १० ग्रॅम तंतु व सुमारें ४ मिलिग्रॅम लोह असतें. ओटमध्यें प्रथिनें १३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कांहींशीं अधिक. तंतु मात्र जवळजवळ तितकाच. बीटा-ग्लुकनच्या बाबतींत ज्वारी ओटची बरोबरी करूं शकत नाहीं, हें सरळ कबूल केलें पाहिजे. पण ज्या निरोगी मुलास खेळावयाचें आहे, वाढावयाचें आहे, त्यास सबंध दाण्याच्या पिठाची भाकर, तिच्याबरोबर वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी व ताक मिळालें, तर ओटच्या पुड्यावांचून त्याचें कांहीं अडत नाहीं. आणि ओटच्या एका किलोच्या पैशांत ज्वारी तिप्पट तरी येते. उरलेल्या पैशांचें दूध व अंडीं आणलीं, तर मुलाच्या अंगीं तीं अधिक लागतील.

लापशीच हवी असेल तर तीही आपल्या घरीं आहे. ज्वारी भरडून शिजविलेल्या कण्या ताकाबरोबर खाणें आमच्या वडिलांच्या पिढीस ठाऊक होतें. वेळ अमावास्येला, ज्याला आपण येळवस म्हणतों, लातूर-नांदेड-धाराशिवकडील सारा गांव शेतांत जातो. तेथें भज्जी, उंडे व ज्वारीच्या पिठाची आंबील असते. माघापूर्वींचा कोवळा हुरडा खाण्यास तर पुण्यामुंबईचे पाहुणे मुद्दाम येतात. सणाला जें अन्न मानानें खावयाचें, तें सोमवारीं डब्यांत आलें म्हणजे लपवावयाचें, हा न्याय आम्हांस कळत नाहीं.

धान्याचा मान कसा ठरतो याची आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडे राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘फुले हरिता’ नांवाचा ओटचा वाण दिला आहे, तो जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठीं. उलट अमेरिकेंत ज्वारी मुख्यतः जनावरांच्या दावणींत जाते. १९७२ च्या दुष्काळांत तिकडची तांबडी मिलो ज्वारी आपल्या लोकांना रेशनवर खावी लागली. तिची आठवण अजून जुन्या माणसांच्या बोलण्यांत निघते. म्हणजे येथील गाईचा चारा तेथें न्याहारीच्या थाळींत, आणि येथील थाळींतलें अन्न तेथें गाईपुढें. दाण्याचे गुण यामुळें बदलत नाहींत. पाहणाऱ्याची दृष्टि तेवढी बदलते.

हें सर्व खरें असतां ज्वारी आमच्या घरांतून कां चालली आहे? केवळ फॅशन म्हणून, असें म्हणणें अन्यायाचें होईल. शेतकऱ्यानें ज्वारी सोडून सोयाबीन धरलें, कारण सोयाबीनचे पैसे लातूरच्या बाजारांत रोख मिळतात. ज्वारीची राखण करावी लागते. काढणीस रब्बी ज्वारीचें धाट मुळासकट उपटावें लागतें. हातांस फोड येतात व मजूर मिळत नाहीं. स्वस्त धान्याच्या दुकानांत मुख्यतः गहूं व तांदूळ मिळतो. आणि घरांत पाहिलें तर भाकर थापणें कष्टाचें. गव्हाप्रमाणें ज्वारीच्या पिठाला चिवटपणा नाहीं. गरम पाण्यांत मळून, एकेक भाकर हातानें थापून, तिच्यावर पाणी फिरवून, विस्तवावर शेकावी लागते. दहा माणसांच्या भाकरी करणाऱ्या बाईच्या मनगटास विचारा. सकाळीं नोकरीवर जाणाऱ्या सुनेनें पुडा फोडून दोन मिनिटांत न्याहारी उरकली, तर तिला नांवें ठेवण्याचा अधिकार आयती भाकर खाणाऱ्या पुरुषांस नाहीं. आम्हीही याच दोषाचे वांटेकरी आहों. ज्या दिवशीं तो मुलगा झांकणाआड जेवत होता, त्या दिवशीं आमच्या स्वतःच्या डब्यांत पोळी होती.

तरीही ज्वारी जाऊं देणें आपणांस परवडणारें नाहीं. रब्बीची ज्वारी पाऊस सरतां सरतां काळ्या जमिनींत पेरतात आणि जमिनींत मुरलेल्या ओलाव्यावर ती पिकते. तिचा कडबा जनावरांस उन्हाळाभर पुरतो. २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें लातुरास पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. ज्या जिल्ह्यावर अशी वेळ आली, त्यानें थोड्या पाण्यांत दाणा व चारा दोन्ही देणारें पीक शिवारांतून घालवावें, यांत शहाणपण नाहीं. बाहेरचें जग तर आतां याच धान्यांकडे वळत आहे. आपल्या सरकारनें २०१८ सालीं ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांस पौष्टिक धान्यें म्हणून मान्यता दिली. पुढें हिंदुस्थानच्याच सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें सबंध वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. परभणीच्या कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं ‘परभणी शक्ति’ हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला. विद्यापीठानें आपलें काम केलें आहे. तो वाण पेरणें व खाणें हें आपलें काम.

उपाय आमच्या हातचे आहेत तेवढेच सांगतों. पालकांनीं आठवड्यांतून निदान तीन दिवस मुलांच्या डब्यांत भाकर द्यावी. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं घरच्या खाण्यापुरती तरी ज्वारी पेरावी. सोयाबीनच्या पैशानें ती विकत आणण्याची पाळी येऊं देऊं नये. आणि भाकर थापण्यास मुलींबरोबर मुलांनींही शिकावें. ही शेवटची गोष्ट आम्ही विनोदानें म्हणत नाहीं. एका बाईच्या मनगटावर जी भाकर टिकून आहे, ती त्या मनगटाबरोबर संपेल. घरांतील चार हात शिकले तर ती टिकेल. आम्हीं स्वतः या वयांत आरंभ केला आहे. पहिल्या आठवड्यांत एकही भाकर अखंड तव्यावर पडली नाहीं. हल्लीं दोहोंतील एक पडते.

पवित्र शास्त्र मराठींत आणणाऱ्यांनीं रोजच्या प्रार्थनेंत मागावयाच्या अन्नास ‘भाकर’ हाच शब्द योजिला. त्या भाषांतरकारांस या देशांतील जेवणाचें वर्म कळलें होतें. जें आपण रोज हात जोडून मागतों, तें मिळाल्यावर झांकणाआड खावें काय?

त्या भगिनींस आमचें उत्तर असें: सासऱ्यांना ओट द्या, लेकरांना भाकर द्या, आणि दोन्ही मानानें द्या. त्या मुलाविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टींत आम्ही आपला डबा त्याच्या बांकावर नेऊं लागलों. आमची भाकर कडेला फाटलेली व मध्यें करपलेली असे. ती पाहून मुलें पोट धरधरून हंसलीं. तोही हंसला, आणि हंसतां हंसतां त्यानें डब्याचें झांकण बाजूस ठेविलें.