पोटखराबा आणि एक पाखरू

"कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आफ्रिकेतल्या पाखरावर काय म्हणून लिहावे?" असे एका मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

या पाखराचे नाव रॅटलिंग सिस्टिकोला. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतल्या काटेरी झुडपांच्या गवताळ रानात ते राहते, किडे टिपते. रंग मातकट, पाठीवर गडद रेघा. सिस्टिकोलाच्या सुमारे ५० जाती. बहुतेक आफ्रिकेतल्या आणि दिसायला जवळजवळ सारख्या. म्हणून त्यांतल्या अनेकांना इंग्रजीत नावे पडली ती आवाजावरून: कुणी खुळखुळणारा, कुणी विलाप करणारा, कुणी किणकिणणारा. पहिल्या महायुद्धात लढलेले ब्रिटिश आरमारी अधिकारी ह्यूबर्ट लाइन्स यांनी या पाखरांचा ध्यास घेतला आणि १९३० साली त्यांच्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तोफा ऐकलेल्या कानांनी ही किणकिणही ऐकली!

आपल्याला मात्र रान म्हटले की दाट झाडीच हवी असते. आफ्रिकेतील १० कोटी हेक्टर जमीन २०३० पर्यंत पूर्ववत करण्याचा संकल्प २०१५ साली सोडण्यात आला. हेतू चांगलाच. पण अशा योजनांत मूळची गवताळ रानेही उजाड जंगले समजून झाडांनी भरली जातील, अशी भीती अनेक शास्त्रज्ञांनी व्यक्त केली आहे. दाट सावलीत गवत मरते. मग गवतात घरटे विणणाऱ्या पाखराने जावे कुठे?

माझ्या गावच्या माळाची सातबाऱ्यावर नोंद आहे 'पोटखराबा'. त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात आणि पावसाळ्यात याच कुळातले एक पाखरू 'झिट् झिट्' करीत हेलकावत उडते. गेल्या वर्षी श्रमसंस्कार शिबिरात तिथे झाडांसाठी खड्डे खणले, त्यात मीही होतो. आवाज डोक्यावर चालू होता. मी मान वर केली नाही.

तर मित्रा, हे माझे उत्तर. शेतीच्या हिशेबात 'पोटखराबा' हा शब्द बरोबर असेल. पण आपण तो जमिनीचा स्वभाव समजून बसलो. आधी शब्द चुकतो, कुदळ मागून पडते. आणि शब्द पारखणे हे तर आपल्याच शाखेचे काम! पुढच्या शिबिरात कुदळ उचलण्याआधी सर्वांनी अर्धा तास माळावर गप्प बसावे, एवढीच माझी नम्र सूचना आहे.